एक चित्र, शंभर पडदे



हे व्याख्यान तुमच्यापैकी कुणी इंदूरला मोबाइलवर बघत असेल, कुणी बडोद्याला बैठकीतल्या टीव्हीवर, तर कुणी हैदराबादेत जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या लॅपटॉपवर. पुढे ई-बुकात वाचणाऱ्याच्या हातातला पडदा केवढा असेल, हे तर मला आत्ता ठाऊकही नाही. तरीही माझ्यामागे टांगलेला हा नकाशा तुम्हा सगळ्यांना आपापल्या पडद्याच्या मापात दिसतो. कुणाला तो पाटाएवढा दिसतो, कुणाला पोस्टाच्या तिकिटाएवढा. माप घेणारा, कापणारा आणि बसवणारा शिंपी मात्र कुणालाच दिसत नाही.

आज त्या शिंप्याचा इतिहास सांगायचा आहे. नेहमी आपण लढाया, किल्ले, तह यांच्यावर बोलतो. आजचा विषय कॉम्प्युटरचा वाटेल, पण तसा तो नाही. मूळ चित्र एक आणि ते पाहण्याच्या जागा अनेक, ही अडचण चारशे वर्षांहून जुनी आहे. नकाशे काढणाऱ्यांनी ती सोसली, फौजेनं सोसली, सिनेमावाल्यांनी सोसली आणि शेवटी वेबवाल्यांच्या वाट्याला आली. प्रत्येकानं नवं यंत्र काढलं. पण एक प्रश्न कुणालाच चुकला नाही: चित्र लहान करताना काहीतरी टाकावंच लागतं, मग काय टाकायचं आणि ते कोण ठरवणार?

चार पट्ट्यांचं यंत्र

सुरुवात होते १६०३ साली. क्रिस्टोफ शायनर नावाचा एक जर्मन जेझुइट. हाच पुढे सूर्यावरच्या डागांवरून गॅलिलिओशी वाद घालणारा खगोलशास्त्रज्ञ. त्यानं चार पट्ट्या जोडून एक यंत्र केलं, पँटोग्राफ. एका टोकाची सुई मूळ चित्राच्या रेषेवरून फिरवायची. दुसऱ्या टोकाची पेन्सिल तेच चित्र ठरलेल्या प्रमाणात लहान किंवा मोठं काढत जाते. त्याबद्दलचं पुस्तक त्यानं १६३१ साली छापलं. यंत्र आजही जिवंत आहे. ट्रॉफीवर किंवा पेनावर नाव कोरून देणाऱ्या दुकानात जाऊन बघा, काही ठिकाणी कारागीर मोठ्या अक्षरांच्या साच्यावरून सुई फिरवतो आणि बारीक अक्षरं आपोआप उमटतात.

नकाशाच्या कचेऱ्यांना हे यंत्र वरदान ठरलं. मोजणी मोठ्या प्रमाणावर करायची, म्हणजे बांध, विहिरी, पायवाटा सगळं टिपायचं. पण सेनापतीला किंवा कलेक्टरला सबंध मुलूख एका कागदावर हवा असतो. मग लहान नकाशा करायचा. आपल्याकडे सर्व्हे ऑफ इंडियाची स्थापना १७६७ सालची. तेव्हापासून मोठ्यावरून लहान नकाशा उतरवणं हे ड्राफ्ट्समनच्या रोजच्या कामाचं दुखणं होतं. एकेका कागदाला दिवसच्या दिवस लागत.

हे दुखणं फोटोनं कमी केलं. ब्रिटनच्या ऑर्डनन्स सर्व्हेचे प्रमुख हेन्री जेम्स यांनी १८५५ च्या सुमारास साउदॅम्प्टनला नकाशे लहान करायला कॅमेरा वापरायला सुरुवात केली. पुढे चार-पाच वर्षांत फोटोवरून थेट जस्ताच्या पत्र्यावर छापण्याची रीतही त्यांच्या कचेरीत बसली. नकाशा समोर लावा, कॅमेरा मागेपुढे सरकवा, हव्या त्या मापाची प्रत मिळते. हाताचं काम डोळ्याच्या काचेकडे गेलं. आजच्या आपोआप लहान होणाऱ्या चित्राचा हा थेट पूर्वज.

पण इथेच खरी मेख कळली. कॅमेरा सगळंच सारख्या प्रमाणात लहान करतो. डोंगरही आणि डोंगराचं नावही. फौजेत टोपोशीटवर काम केलेल्या कुणालाही हे पटेल. १:५०,००० च्या शीटवर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. १० मीटर रुंदीचा रस्ता तिथे ०.२ मिलिमीटरचा होईल, म्हणजे बारीक रेघ. तोच नकाशा यंत्रानं १:२,५०,००० वर आणला तर रस्ता होईल ०.०४ मिलिमीटर, केसापेक्षाही बारीक. गावाचं नाव मुंगीच्या पायाएवढं. समोच्च रेषा एकमेकींना चिकटून उतारावर काळा डाग.

म्हणून लहान नकाशा हा मोठ्या नकाशाचा नुसता लहान फोटो नसतो. तो पुन्हा विचार करून काढावा लागतो. रस्ता मुद्दाम जाड दाखवतात. वीस वाड्यांतल्या पंधरा गाळतात, पण फाट्यावरची वाडी लहान असली तरी ठेवतात. नदीची बारीक वळणं सरळ करतात, पण पुलाजवळचं वळण राखतात. कारण पूल महत्त्वाचा. हे काम यंत्राचं नाही, जाणत्या माणसाचं आहे. आणि त्यात चूक झाली तर रात्रीच्या कूचमध्ये पलटण भलत्याच नाल्यात उतरते.

कबुतराच्या शेपटीवरची टपाल

आता फौजेच्याच इतिहासातली दोन उदाहरणं सांगतो.

१८७० च्या सप्टेंबरात प्रशियाच्या फौजेनं पॅरिसला वेढा घातला. शहरातून बाहेर जायला फुगे होते, पण बाहेरची बातमी आत आणायला उरली फक्त कबुतरं. कबुतर किती वजन नेणार? रने दाग्रों नावाचा छायाचित्रकार नोव्हेंबरात फुग्यातून वेढ्याबाहेर पडला. त्यानं छापील निरोपांची पानंच्या पानं लहानशा पातळ फिल्मवर उतरवली. अशा फिल्मा गुंडाळून, पिसाच्या पोकळ नळीत घालून कबुतराच्या शेपटीच्या पिसाला बांधत. पॅरिसमध्ये पोचल्यावर त्या मॅजिक लँटर्ननं पडद्यावर मोठ्या करत आणि कारकून बसून निरोप उतरवून घेत. लहान करायचं, पाठवायचं आणि पलीकडे मोठं करायचं, ही आजच्या इंटरनेटची सगळी रीत त्या वेढ्यात दिसते.

दुसरं उदाहरण दुसऱ्या महायुद्धाचं. भूमध्य समुद्रातला मार्ग धोक्यात आल्यामुळे मध्यपूर्वेतल्या ब्रिटिश सैनिकांची पत्रं आफ्रिकेला वळसा घालून जात, महिनोन्‌महिने लागत. विमानात जागा नाही. मग १९४१ साली एअरग्राफ सुरू झालं. सैनिकानं ठरलेल्या छापील फॉर्मवर पत्र लिहायचं, त्याचा मायक्रोफिल्मवर फोटो घ्यायचा, फिल्म विमानानं पाठवायची आणि पलीकडे कागदावर छापून घरी पोचवायची. ही सोय पुढे भारतातूनही झाली. अमेरिकेनं १९४२ साली याच धर्तीवर व्ही-मेल काढलं. दीड लाख पत्रांना ३७ पोती लागायची, ती फिल्मवर एका पोत्यात मावू लागली.

यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, फॉर्मवर सूचना असे की अक्षर मोठं आणि ठळक काढा. म्हणजे चित्र लहान होणार हे आधीच धरून मूळ तयार करायचं. दोन, फिल्म सुखरूप पोचल्याची खबर येईपर्यंत मूळ पत्र नष्ट करत नसत. विमान पडलं तर पुन्हा फोटो घेता यावा म्हणून. ही दुसरी शिस्त आज आपण विसरलो आहोत. त्यावर शेवटी येतो.

रुंद सिनेमा, चौकोनी टीव्ही

विसाव्या शतकात अडचण नुसती लहान-मोठ्याची राहिली नाही, आकाराचीही झाली. जुना सिनेमा जवळपास चौकोनी असे. टीव्ही आला तो त्याच बेताचा, चार भाग रुंद, तीन भाग उंच. टीव्हीमुळे थिएटर ओस पडायला लागली तसा हॉलिवूडनं १९५३ साली सिनेमास्कोपचा रुंद पडदा आणला. आपल्याकडे गुरुदत्त यांचा १९५९ चा ‘कागज के फूल’ हा पहिला हिंदी सिनेमास्कोप चित्रपट. छायालेखक व्ही. के. मूर्ती. आणि योग बघा, त्याच वर्षी १५ सप्टेंबरला दिल्लीत दूरदर्शनचं प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झालं. रुंद पडद्याचा हिंदी सिनेमा आणि चौकोनी पेटी एकाच वर्षी देशात आले.

पुढे हे रुंद सिनेमे टीव्हीवर दाखवायची वेळ आली, तेव्हा दोनच वाटा होत्या. एक, सबंध चित्र दाखवा आणि वरखाली काळ्या पट्ट्या सोडा. दुसरी, मधला भाग दाखवा आणि कडा कापा. हिशेब करून बघा. उंचीच्या २.३५ पट रुंद चित्रातून १.३३ पट रुंद तुकडा घेतला तर ४३ टक्के चित्र जातं. नायक डावीकडे, नायिका उजवीकडे आणि मधे फुलदाणी असेल, तर टीव्हीवर फुलदाणी दिसणार. म्हणून स्टुडिओत एक माणूस बसवत. तो प्रत्येक दृश्यात चौकट डावी-उजवी सरकवून कुणाला ठेवायचं ते ठरवी. दिग्दर्शकानं जे दोघांमधलं अंतर दाखवायला चौकट रुंद केली, तेच अंतर हा माणूस रोजच्या पगारावर पुसून टाकी. कित्येक दिग्दर्शक यावर संतापले. पण प्रेक्षकांना काळ्या पट्ट्या आवडत नसत, पेटीचे पैसे वाया गेल्यासारखं वाटे.

ठिपक्यांचं गणित

आता कॉम्प्युटरकडे येऊ. १९५७ साली अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रसेल कर्श या अभियंत्यानं आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा फोटो स्कॅन करून कॉम्प्युटरमध्ये घातला. १७६ ठिपके आडवे, १७६ उभे. एकूण ३०,९७६ ठिपके. आजच्या मोबाइलचा साधा फोटो ४००० गुणिले ३०००, म्हणजे एक कोटी वीस लाख ठिपक्यांचा असतो.

आता हा एक कोटी वीस लाखांचा फोटो १०८० ठिपके रुंदीच्या पडद्यावर बसवायचा आहे. रुंदी १०८०, उंची ८१०, म्हणजे पावणेनऊ लाख ठिपके. चौदातले तेरा ठिपके जाणार. कसे?

सगळ्यात सोपी रीत म्हणजे मधले ठिपके सरळ गाळणं. रांगेतला दर चौथा जवान एक पाऊल पुढे, बाकीचे विसर्जन! झटपट काम होतं, पण घात होतो. समजा चौकड्याच्या शर्टावरची प्रत्येक चौथी रेघ निळी असेल, तर लहान चित्रात शर्ट एकतर अख्खा निळा दिसेल किंवा पांढरा. जाळीच्या खिडकीवर, विटांच्या भिंतीवर विचित्र लाटा उमटतात. टीव्हीवरच्या निवेदकाच्या बारीक रेघांच्या शर्टावर झुळझुळणाऱ्या लाटा तुम्ही पाहिल्या असतील, त्यातलाच हा प्रकार. याचं गणित नायक्विस्ट आणि शॅनन या दोघांनी टेलिफोन-तारांचा विचार करताना आधीच मांडून ठेवलं होतं. जितकं बारीक टिपायचं त्याच्या दुपटीहून जास्त नमुने घ्या, नाहीतर जे नाही ते दिसायला लागतं.

म्हणून दुसरी रीत निघाली. एकही ठिपका नुसता गाळायचा नाही, शेजाऱ्यांची सरासरी काढायची. कुणी चार शेजारी धरले, कुणी सोळा. सोळा शेजाऱ्यांची जी पद्धत आजही फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये असते, तिचा पाया रॉबर्ट कीज यांच्या १९८१ सालच्या निबंधात आहे. १९८३ साली लान्स विल्यम्स यांनी आणखी एक युक्ती मांडली. प्रत्येक वेळी हिशेब करत बसण्यापेक्षा चित्राच्या निम्म्या, पाव, अष्टमांश मापाच्या प्रती आधीच करून ठेवा. हव्या त्या मापाजवळची प्रत उचला. या सगळ्या प्रती मिळून जागा लागते मूळच्या फक्त एक तृतीयांश जास्त.

फौजेतल्या माणसाला यात नवल नाही. क्वार्टरमास्टरच्या स्टोअरमध्ये सहा नंबरपासून अकरा नंबरपर्यंत बूट तयार असतात. जवान आल्यावर कुणी चामडं कापायला बसत नाही. आज आपण मोबाइलवर नकाशा दोन बोटांनी मोठा करतो, तोही असाच आधी करून ठेवलेल्या तुकड्यांच्या थरांवर चालतो. एक थर खाली गेलं की तुकडे चौपट. आणि बघा, वरच्या थरावर तुमचं गाव दिसत नाही, तालुका दिसतो. म्हणजे ड्राफ्ट्समनचा जुना प्रश्न तिथेही आहेच: कुठलं गाव ठेवायचं?

वेबवरची कसरत

१९९३ च्या फेब्रुवारीत मार्क अँड्रीसन या तरुणानं वेबच्या पानात चित्र घालण्याची खूण सुचवली आणि त्याच वर्षी मोझॅक ब्राउझरमधून ती जगभर पसरली. आदल्याच वर्षी, १९९२ मध्ये, जेपेग हे फोटो आवळून ठेवण्याचं मानक ठरलं होतं. भारतात सामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमकडून.

तेव्हाचा वेग आठवा. २८.८ किलोबिटचा मोडेम सेकंदाला जेमतेम साडेतीन किलोबाइट आणी. शंभर किलोबाइटचा फोटो यायला अर्धा मिनिट. फोटो वरून खाली पट्टीपट्टीनं उलगडत जाई आणि घरातला फोन तोवर बंद. पडदे होते ६४० गुणिले ४८०, मग ८०० गुणिले ६००, मग १०२४ गुणिले ७६८. पानाखाली लिहिलेलं असे की हे पान अमुक मापाच्या पडद्यावर चांगलं दिसतं. म्हणजे पाहुण्यानंच घराच्या दाराच्या मापानं यायचं.

सर्व्हरवरच चित्राच्या लहान प्रती पाडणारी हत्यारं हळूहळू तयार झाली. जॉन क्रिस्टी यांचं इमेजमॅजिक १९९० मध्ये सर्वांना खुलं झालं. माणसानं मोठा फोटो चढवला की यंत्रच नखाएवढी एक प्रत, पानाच्या रुंदीची एक प्रत करून ठेवी. २००५ साली नॉर्वेत ऑपेरा मिनी आलं. ते वेबचं पान आधी आपल्या सर्व्हरवर आवळायचं, चित्रं बारीक करायचं आणि मगच साध्या फोनवर पाठवायचं. पुढे आपल्याकडे जिल्ह्याच्या गावात, टूजी नेटवर्कवर अनेकांनी इंटरनेट पहिल्यांदा पाहिलं ते याच खिडकीतून.

मग २००७ मध्ये आयफोन आला, ३२० गुणिले ४८० चा. आणि २०१० मध्ये त्याच मापाच्या काचेत चौपट ठिपके आले, ६४० गुणिले ९६०. आता पडद्याची लांबी-रुंदी सारखी असली तरी ठिपके सारखे राहिले नाहीत. त्याच २०१० च्या मे महिन्यात इथन मार्कोट यांनी एक लेख लिहून सांगितलं की प्रत्येक पडद्यासाठी वेगळं पान करू नका, पानच पाण्यासारखं करा, भांड्याचा आकार घेईल असं. चित्राला एकच हुकूम द्या: चौकटीपेक्षा रुंद व्हायचं नाही.

कल्पना उत्तम, पण एक खोट होती. चित्र फोनवर लहान दिसे, मात्र उतरून येई अख्खं. पैसे आणि बॅटरी पाहणाऱ्याची जाई. यावर वेब बनवणाऱ्यांचा एक स्वयंसेवी गट जमला. चित्राबरोबर त्याच्या मापांची यादी द्यावी आणि ब्राउझरनं आपला पडदा बघून योग्य ती प्रत मागवावी, असा त्यांचा प्रस्ताव. पुन्हा क्वार्टरमास्टरचे बूट! ब्राउझर कंपन्या रेंगाळल्या, तेव्हा २०१४ मध्ये योआव वाइस या प्रोग्रामरनं लोकांकडून वर्गणी जमवून ते काम क्रोमसाठी स्वतः केलं. त्या वर्षाअखेर ते लाखो पडद्यांवर चालू झालं. तुमचा मोबाइल आज जो डेटा वाचवतो, त्यात या वर्गणीचा वाटा आहे.

कडेला उभा असलेला माणूस

आता माझ्या अनुभवातली एक गोष्ट.

आमच्या माजी सैनिकांच्या एका संघटनेनं पलटणीचे जुने ग्रुप फोटो संकेतस्थळावर चढवले. ग्रुप फोटो तुम्ही पाहिले असतील. लांबलचक पट्टी, रुंदी उंचीच्या तिप्पट. पुढे खुर्च्या, मधोमध कमांडिंग ऑफिसर, शेजारी बाकीचे अधिकारी, सुभेदार मेजर. मागे बाकांवर जवानांच्या रांगा, दोन्ही टोकांपर्यंत.

काही दिवसांनी सोलापूर जिल्ह्यातल्या एका वीरपत्नीचा फोन आला. ताईंनी मुलाला फोनवर ते पान उघडायला सांगितलं होतं. त्या वर्षीचा फोटो सापडला, पण त्यात त्यांचे यजमान नव्हते. म्हणाल्या, “साहेब, घरातला फोटो पुरात गेला. हे मागच्या रांगेत डावीकडून तिसरे उभे होते, मला पक्कं माहीत आहे. यांना का काढलं?”

कुणी काढलं नव्हतं. संकेतस्थळाचं यंत्र यादीच्या पानासाठी प्रत्येक फोटोचा चौकोन आपोआप करत होतं. तिप्पट रुंद पट्टीतून मधला चौकोन घेतला की एक तृतीयांश फोटो राहतो. मधोमध कोण बसतं? आम्ही अधिकारी. टोकाला कोण उभं असतं? जवान. यंत्राला हुद्दा कळत नाही, त्यानं फक्त मध्य मोजला. पण आम्ही बसतानाच हुद्द्याप्रमाणे बसलो होतो, म्हणून कापणीही हुद्द्याप्रमाणे झाली. त्या पानावरच्या एकाही फोटोत टोकाचे जवान दिसत नव्हते.

चौकोनावर बोट ठेवलं की सबंध फोटो उघडत होता, पण ते ताईंना कुणी सांगणार? संकेतस्थळ सांभाळणाऱ्यांना कळवल्यावर त्यांनी कापायचं बंद करून फोटो सबंध, वरखाली रिकामी जागा सोडून दाखवायला सुरुवात केली. दिसायला पान तितकं टापटीप राहिलं नाही. ताईंना त्यांचे यजमान मिळाले. मुलानं तो फोटो मोठा छापून घरात लावला.

यंत्राला शहाणं केलं तर? तसेही प्रयत्न झाले. २००७ मध्ये शाय अविदान आणि एरियल शामिर यांनी एक विलक्षण रीत दाखवली. चित्रातला जो पट्टा सगळ्यात कमी महत्त्वाचा, आकाश किंवा गवत, तो वेडावाकडा धागा ओढल्यासारखा काढून टाकायचा. माणसं तशीच राहतात, मधली मोकळी जागा आक्रसते. फोटो सुंदर दिसतो. पण दहा पावलं दूर उभे असलेले दोघं त्यात खांद्याला खांदा लावून उभे दिसतात. इतिहासाच्या पुराव्यात हे चालेल का?

दुसरा प्रयत्न ट्विटरचा. माणसाची नजर चित्रात कुठे जाते हे शिकवलेलं यंत्र त्यांनी २०१८ पासून फोटो कापायला बसवलं. २०२० च्या सप्टेंबरात लोकांनी एक गंमत करून पाहिली. गोरा चेहरा आणि काळा चेहरा एकाच लांब फोटोच्या दोन टोकांना ठेवला की यंत्र कुणाला ठेवतं? गोऱ्याला ठेवल्याची उदाहरणं जगभर फिरली. कंपनीनं स्वतः तपासणी केली, यंत्राचा कल समतोल नसल्याचं मान्य केलं आणि २०२१ च्या मे महिन्यात कापाकापी बरीचशी बंद केली. त्यांच्या निष्कर्षाचा मथितार्थ असा की फोटो कसा कापायचा हे ठरवणं माणसाकडेच असावं. ड्राफ्ट्समनला हे दीडशे वर्षांपूर्वीच कळलं होतं.

मोठं केलं म्हणून दिसत नाही

शेवटचा मुद्दा आपल्या इतिहासप्रेमी मंडळींसाठी, कारण तो रोज आपल्या मोबाइलवर घडतो.

मोडी कागदाचं उदाहरण घ्या. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल आहेत. तंजावरला सरस्वती महालात मोडी कागद आहेत. कित्येक घरांतही आहेत, पार ग्वाल्हेर-इंदूरपर्यंत. २० सेंटिमीटर रुंदीचा असा एक कागद इंचाला ३०० ठिपक्यांनी स्कॅन केला तर रुंदी भरते जवळपास २४०० ठिपके. अर्ध्या मिलिमीटरच्या बोरूच्या रेघेला सहा ठिपके मिळतात. वाचता येतं. आता तोच कागद कुणी ग्रुपवर टाकला आणि वाटेत त्याची रुंदी ८०० ठिपके झाली. नऊ ठिपक्यांचा एक झाला, रेघेला उरले दोन. मोडीत हात न उचलता लिहितात, अक्षर अक्षराला लागलेलं. तारखेतला आकडा, नावावरचा अनुस्वार, रकमेचं चिन्ह, सगळं सरासरीत विरघळतं. मग चार लोक चार वाचनं करतात आणि भांडणं सुरू होतात. भांडतात इतिहासावर, पण कारण असतं नऊ ठिपक्यांची सरासरी.

कुणी म्हणेल, आता यंत्रं अंधुक चित्र स्पष्ट करून देतात. इथे सावध राहा. टाकलेले ठिपके परत येत नाहीत. यंत्र त्यांच्या जागी अंदाजानं नवे भरतं. २०२० साली ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी अंधुक चेहऱ्यावरून स्पष्ट चेहरा बनवणारं एक यंत्र दाखवलं. कुणीतरी त्याला ओबामांचा अंधुक केलेला फोटो दिला, तर बाहेर आला एक गोरा माणूस. स्पष्ट, देखणा आणि पूर्ण खोटा. यंत्र खोटं बोललं नव्हतं, त्यानं पाहिलेल्या चेहऱ्यांची सरासरी सांगितली होती. हेच यंत्र उद्या मोडीतल्या पुसट आकड्यावर चालवलं, तर आकडा स्पष्ट दिसेल. बरोबर असेलच असं नाही. पुरावा म्हणून असा आकडा कुणी पुढे केला, तर मूळ मागा.

म्हणून निरोपाआधी चार साध्या सूचना. हुकूम समजा.

घरातले जुने कागद आणि फोटो स्कॅन करताना मोठ्यात मोठ्या मापात करा आणि ती फाइल जशीच्या तशी दोन ठिकाणी ठेवा. ग्रुपवर किंवा नातेवाइकांना पाठवायची ती प्रत वेगळी, आणि शक्य तिथे फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे तो वाटेत आक्रसत नाही. ग्रुप फोटो कापू नका. चौकोनात बसत नसेल तर वरखाली जागा सोडा. आणि फोटोतल्या माणसांची नावं रांगेप्रमाणे, डावीकडून उजवीकडे, आजच लिहून ठेवा. टोकापासून सुरुवात करा. मधल्यांची नावं बहुतेक वेळा कुठेतरी लिहिलेली सापडतात, टोकाच्यांची सांगणारी माणसं दरवर्षी कमी होत आहेत.

मूळ सुखरूप असेल तर पडदे कितीही बदलोत, पुन्हा नवी प्रत काढता येते. एअरग्राफच्या कारकुनांनी मूळ पत्रं याच हिशेबानं जपून ठेवली होती.

पुढच्या भागात टोपोशीटवरच्या गावांच्या नावांबद्दल बोलू. इंग्रजी कारकुनाच्या कानानं मराठी, कानडी आणि हिंदी गावांचं काय केलं, ते पाहू. तुमच्या गावाचं नाव नकाशावर चुकीचं असेल तर खाली लिहून कळवा, जिल्ह्यासकट.

जय हिंद.